वाट पाहणारा कान

(स्मृती-व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



विषय काय ठेवायचा, असे संयोजकांनी फोनवर विचारले तेव्हा मी म्हणालो, "ऐकणे." पलीकडून थोडा वेळ काहीच आवाज आला नाही. मग प्रश्न आला, "ऐकणे... म्हणजे कुणाला?"

प्रश्न रास्त होता. गाण्यावर बोलायचे म्हणजे गवयांवर बोलायचे, अशी आपली रीत आहे. त्यांचे किस्से, त्यांचे रुसवे, त्यांच्या ताना. समोर बसलेल्या माणसाबद्दल कुणी बोलत नाही. फार तर तानसेन-कानसेनाचे ते घासून गुळगुळीत झालेले वाक्य टाकायचे आणि पुढे जायचे. पण कानसेन व्हायचे म्हणजे नेमके करायचे काय? ते त्या वाक्यात कुठेच नाही. आज मी तेवढ्याचबद्दल बोलणार आहे. मला गाता येत नाही, वाजवता येत नाही. चाळीसेक वर्षे सतरंजीवर मांडी घालून आणि अलीकडे गुडघ्यांमुळे मागच्या खुर्चीवर बसून ऐकत आलो, एवढीच माझी पात्रता.

ज्यांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी जमतो ते सरही गायक नव्हते. शाळेत भूमिती शिकवायचे. रविवारी सकाळी वाड्यातल्या त्यांच्या माडीवर आम्ही दहाबारा जण जमायचो. एक रेकॉर्ड प्लेअर, दोन सतरंज्या, मध्ये एकदा चहा. नियम दोनच होते. रेकॉर्ड चालू असताना रागाचे नाव घ्यायचे नाही, आणि दाद द्यायची तर समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर द्यायची, आधी नाही.

सरांची एक खोड होती. विलंबित ख्याल रंगात आला की ते उठत आणि आवर्तनाच्या अधेमधेच पिन उचलत. खोली एकदम रिकामी झाल्यासारखी वाटे. "हं, चालू ठेवा," असे म्हणत ते खिडकीशी जाऊन उभे राहत. म्हणजे ठेका आपण मनात चालू ठेवायचा आणि सम येईल तेव्हा मांडीवर हात टाकायचा. पहिल्या वर्षी दहा जणांचे हात दहा ठिकाणी पडत, पत्र्यावर पावसाचे पहिले थेंब पडावेत तसे. दीडेक वर्षाने एका रविवारी आठ हात एकदम पडले. सर खिडकीतून वळले आणि म्हणाले, "चहा टाका." यापेक्षा मोठी शाबासकी आम्हाला कधी मिळाली नाही.

तेव्हा मला वाटायचे, सर आम्हाला ताल शिकवताहेत. आता वाटते, ते वाट पाहायला शिकवत होते. एसटी स्टँडवर पन्नास माणसे बसलेली असतात. त्यातली सगळीच काही वाट पाहत नसतात. आपली गाडी कुठली, ती कोणत्या फलाटाला लागते, हे ज्याला ठाऊक आहे तो वाट पाहतो. बाकीचे नुसते बसलेले असतात. 'मला शास्त्रीय संगीत कळत नाही' असे म्हणणाऱ्यांपैकी बहुतेकांचे कान चांगलेच असतात. कशाची वाट पाहायची, एवढेच त्यांना कुणी सांगितलेले नसते. म्हणून आज मी तीन गाड्यांचे फलाट दाखवणार आहे. पहिली तंबोऱ्याची, दुसरी ठेक्याची, तिसरी रागाची.

तंबोऱ्यापासून सुरुवात करू. १ ऑगस्ट १९७१ रोजी न्यूयॉर्कला मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बांगलादेशासाठी मोठा कार्यक्रम झाला. पंडित रविशंकर, उस्ताद अली अकबर खाँ आणि उस्ताद अल्लारखाँ यांनी वाद्ये जुळवली आणि श्रोत्यांनी टाळ्या वाजवल्या. जुळवणीच एवढी आवडली असेल तर पुढचे वाजवणे त्याहून आवडेल, अशा अर्थाचे काहीतरी रविशंकर हसत म्हणाले. हा किस्सा आपल्याकडे चवीने सांगतात, त्या अडाणी गोऱ्यांना हसायला. मला मात्र त्यांचे कौतुक वाटते. निदान ते जुळवणी ऐकत तरी होते. आपल्याकडे तंबोरे जुळत असताना अर्धे सभागृह बटाटेवड्याच्या रांगेत असते.

तिथेच पहिली गाडी चुकते. तंबोऱ्याला चार तारा. पहिली बहुधा पंचमाची, मग जोडीच्या दोन षड्जाच्या, शेवटची खर्जाची. चार तारांत स्वर दोनच. पण नीट जुळलेल्या तंबोऱ्यात तिसराही ऐकू येतो, आणि तो कुणीही छेडलेला नसतो. खर्जाची तार वाजून विरत असताना, तिच्या डोक्यावर, दोन सप्तके वर, बारीक आणि स्वच्छ शुद्ध गंधार उमटतो. जाणकार त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. कारण सरळ आहे. तार कापते ती अख्खी कापतेच, शिवाय निम्म्याने, तिसऱ्या हिश्श्याने, पाचव्या हिश्श्यानेही कापते, आणि त्या पाचव्या हिश्श्यात हा गंधार असतो. तसा तो प्रत्येक तारेत असतो, पण दबलेला. तंबोऱ्यात तो वर येतो तो जवारीमुळे.

मिरजेच्या तंतुवाद्यांच्या गल्लीत एकदा मी तासभर जवारी काढताना पाहत बसलो होतो. कारागिराने घोडीच्या पृष्ठावर कानस एकदा फिरवली, तार छेडली, मान हलवली. पुन्हा एकदा फिरवली, पुन्हा मान हलवली. पृष्ठाला अगदी अलगद उतार द्यायचा असतो, म्हणजे तार त्याला घासटत घासटत कापते. मग तारेखाली सुताचा धागा सरकवायचा. केसभर पुढे सरकला तर आवाज बोथट, केसभर मागे सरकला तर चिरका. असे वीसेक वेळा झाले असेल. मध्येच तो थांबला आणि म्हणाला, "आला." मला काहीच आले नव्हते. त्याने तीच तार तशीच छेडली आणि म्हणाला, "वर ऐका, खाली नको." चौथ्या-पाचव्या खेपेला ऐकू आला. तेव्हापासून तो ऐकू यायचा थांबलेला नाही.

असे बारीक स्वर मोजणारेही होऊन गेले. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल निवृत्त डेप्युटी कलेक्टर होते. बावीस श्रुतींवरचे त्यांचे पुस्तक १९१० साली निघाले. गवयांच्या गळ्यातले स्वर मोजायला ते बसले तेव्हा त्यांच्यासमोर गायला मोठे गवई होते, त्यात अब्दुल करीम खाँही होते. आपल्याला मोजमाप करायचे नाही. पण एक प्रयोग घरी करता येतो. तंबोऱ्यातला गंधार कानात धरा आणि मग पेटीवरचा गंधार दाबा. पेटीचा किंचित चढा लागेल. हा 'किंचित' ऐकू आला की गवई गंधारावर का थांबतो आणि थांबल्यावर सभागृह का निवते, याचे अर्धे उत्तर मिळाले. तो तारेत आधीच असलेल्या गंधारात आपला गंधार मिसळत असतो, आणि आपण त्या मिसळण्याची वाट पाहत असतो.

दुसरी गाडी ठेक्याची. नवख्या माणसाला सर्वांत जास्त घाबरवते ती विलंबित लय. मोठा ख्याल अतिविलंबित एकतालात असला तर मात्रा बारा आणि एकेका मात्रेला चार-पाच सेकंद. म्हणजे एक आवर्तन जवळजवळ मिनिटाचे. मिनिटभर कुणी बोटावर मात्रा मोजत बसू शकत नाही, आणि बसू नये. गवई तरी कुठे मोजतो? तो तबल्याचे बोल ऐकतो. आपणही तेच ऐकावेत.

एकतालाचा ठेका असा: धिं धिं, धागे तिरकिट, तू ना, कत् ता, धागे तिरकिट, धी ना. यातले दोन 'धागे तिरकिट' लक्षात ठेवा, कारण तबल्यावर ते लपत नाहीत. एक तिसऱ्या-चौथ्या मात्रेवर येतो, दुसरा नवव्या-दहाव्यावर. पहिल्यानंतर अजून बरेच अंतर आहे, निवांत राहा. मग 'कत्' येतो, थोडा कोरडा, बायाची घुमक नसलेला. त्यानंतरचा 'धागे तिरकिट' म्हणजे गाडी वळणावर दिसली. मागे उरले फक्त 'धी ना'. इथेच कुठेतरी गवई मुखडा उचलतो आणि समेवर येऊन पडतो. हे चार-पाच आवर्तने कानांनी पाहिले की मोजायची गरज उरत नाही.

काहीजण म्हणतात, आम्ही प्रयत्न करतो पण मन भटकते. भटकणारच. माझेही भटकते. लाइटचे बिल, मुलाची फी, पुढच्या रांगेतल्या बाईंचा मोबाईल. विलंबिताची रचना करणाऱ्यांना माणसाचे मन ठाऊक असावे, असे मला कधी कधी वाटते. त्यांनी दर मिनिटाला परतायची एक जागा ठेवली आहे. तिथे गवई येतो, तबलजी येतो, आपणही यायचे. मधल्या चाळीस सेकंदांत कुठे गेला होतात, हे कुणी विचारत नाही. उस्ताद अमीर खाँ ज्या झुमरा तालात गात तो चौदा मात्रांचा आणि इतका संथ की भटकायला भरपूर मोकळीक. पण समेला परतायची सवय लागलेल्या माणसाला तिथे एक नवी गोष्ट दिसते. प्रत्येक आवर्तनात गवई समेवर येतो खरा, पण दरवेळी वेगळ्या वाटेने. कधी लवकर निघून रमतगमत, कधी उशिरा निघून धावत. ते उशिरा निघणे ज्याला जाणवते त्याच्या पोटात गोळा येतो. हात समेवर पडतो तो हा गोळा सुटल्यामुळे. दाद समेवरच द्यायची, या सरांच्या नियमाचा अर्थ मला इतक्या उशिरा कळला.

तिसरी गाडी रागाची. इथे मला माझी फजिती सांगावी लागेल. मी एकोणीस-वीस वर्षांचा असेन. पुस्तकातून रागांचे आरोह-अवरोह पाठ केलेले, आणि ते कुणाला तरी दाखवायची घाई झालेली. रविवारी सरांनी रेकॉर्ड लावली. मी कान टवकारले. मध्यम नाही, निषाद नाही, बाकी सारे शुद्ध. आलापाचे मिनिटही झाले नसेल आणि मी नियम मोडून जाहीर केले, "भूप!"

सर रागावले नाहीत. म्हणाले, "थांब रे. धैवत काय करतोय ते ऐक आधी."

धैवत ठाण मांडून बसला होता. गवई सारखा त्याच्याकडे जात होता, त्याच्यावर रेंगाळत होता, गंधार मात्र वाटेतला. तो देसकार होता. स्वर तेच पाच: सा, रे, ग, प, ध. भूपाचे घर खाली गंधारापाशी, देसकाराचे वर धैवतापाशी. पंडित भातखंडे यांनी तर दोघांना दोन थाटांत बसवले आहे, भूपाला कल्याणात आणि देसकाराला बिलावलात. भूप रात्रीच्या पहिल्या प्रहराचा, देसकार सकाळचा. सकाळचे साडेनऊ वाजले होते आणि सर वेळेबाहेरचा राग सहसा लावत नसत. घड्याळ पाहिले असते तरी वाचलो असतो.

रागाचे नाव घेऊ नका, या नियमामागचे शहाणपण इथे आहे. नाव सापडले की आपण ऐकायचे थांबवतो. कोडे सुटले, आता काय राहिले? खरे तर तिथेच सुरू होते. राग म्हणजे स्वरांची यादी नव्हे. या स्वरांतला कोण घरचा, कोण पाहुणा, कोण दारातूनच परत जाणारा, हे ठरलेले असते. त्या नातेसंबंधांना राग म्हणायचे, आणि नाती काही एका क्षणात दिसत नाहीत. लग्नघरात नवखा माणूस जसा हळूहळू ओळखतो की या बाई मुलीची आत्या असणार आणि कोपऱ्यातल्या काकांचे यांच्याशी फारसे पटत नसणार, तसेच हे. त्यासाठी मागचे लक्षात ठेवावे लागते आणि पुढच्याची वाट पाहावी लागते.

सर त्यासाठी एक त्रिकूट वापरत: मारवा, पूरिया आणि सोहनी. तिघांतही कोमल रिषभ, तीव्र मध्यम आणि पंचम वर्ज्य. पूरिया खालच्या अंगाला, मंद्रात रमणारा, गंधार-निषादाशी सलगी करणारा. सोहनी वर, तार षड्जाभोवती झेपावणारी. आणि मारवा रिषभ-धैवतावर अडून बसणारा, षड्जाला शक्य तितके टाळणारा. तंबोरा मागे सतत षड्ज सांगतोय आणि गवई त्याच्या अवतीभोवती फिरतोय पण त्यावर टेकत नाही. अमीर खाँसाहेबांचा मारवा सरांनी आम्हाला लागोपाठ तीन रविवार ऐकवला. तिसऱ्या रविवारी मला पहिल्यांदा कळले की मी श्वास धरून षड्जाची वाट पाहतोय. आणि तो आला तेव्हा कुणीतरी बराच वेळ रिकामी ठेवलेली पाटावरची जागा भरल्यासारखे वाटले. वाट पाहायला शिकवणारा राग म्हणून मला कुणी एकच निवडायला सांगितला, तर मी मारवा निवडीन.

आता थोडे घराण्यांबद्दल. वामनराव देशपांडे व्यवसायाने चार्टर्ड अकाउंटंट. गाणे शिकलेले, आणि त्याहून अधिक ऐकलेले. 'घरंदाज गायकी' हे त्यांचे पुस्तक १९६१ साली आले. त्यांनी घराण्यांचा हिशेब स्वर आणि लय या दोन रकान्यांत मांडला. किराणा स्वराच्या टोकाला, आग्रा लयीच्या टोकाकडे, आणि जयपूर दोहोंचा तोल सांभाळणारे. या मांडणीवर पुढे वाद झाले. पण श्रोत्याला ती फार उपयोगी पडते, कारण कोणत्या गवयापुढे कशाची वाट पाहायची ते त्यातून कळते. किराण्यापुढे बसलात तर एकेक स्वर कधी आणि कसा उमलतो ते पाहा. आग्र्यापुढे बंदिशीचे शब्द लयीवर कसे आपटतात, कसे निसटतात ते पाहा. जयपूरपुढे स्वर आणि लय एकमेकांत इतके विणलेले असतात की मध्ये क्षणभरही हलता येत नाही. किराण्याच्या अपेक्षेने जयपूर ऐकणारा माणूस दमतो आणि दोष गवयाला देतो. पुण्याची गाडी साताऱ्याच्या फलाटावर शोधणाऱ्याने कंडक्टरला बोलण्यासारखे हे.

महाराष्ट्राला ही वाट पाहण्याची सवय लागली कशी? एकट्या मैफलींनी नाही. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले आणि गाणे शिकण्यासाठी कुणाच्या घरचे पाणी भरायची गरज राहिली नाही. त्यातून जितके गवई निघाले त्याहून कितीतरी जास्त ऐकणारे निघाले असणार. नाटकांनी तर रात्रीच्या रात्री राग कानांवर घातले. भास्करबुवा बखले यांनी चाली दिलेले 'स्वयंवर' १९१६ सालचे. ते पाहून घरी गेलेल्या माणसाला यमन हे नाव माहीत नसेल, पण यमन कुठे थांबतो हे त्याला झोपेतही सांगता आले असते. मग तीन मिनिटांच्या रेकॉर्डी आल्या. तीन मिनिटांत ख्याल बसत नाही ही तक्रार खरी, पण त्या रेकॉर्डी माणसे शंभर शंभर वेळा ऐकत. लहानग्या भीमसेन जोशीने अब्दुल करीम खाँची रेकॉर्ड अशीच ऐकली आणि १९३३ साली गाण्यासाठी घर सोडले. पुढे १९५२ पासून आकाशवाणीचा राष्ट्रीय संगीत कार्यक्रम आला. शनिवारी रात्री घरातला एकच रेडिओ, त्याभोवती सारे घर. गाणे मध्ये थांबवता येत नसे, मागे नेता येत नसे. तेव्हा वाट पाहणे काही वेगळे शिकावे लागत नव्हते.

आज आपल्या खिशात हजारो तासांचे गाणे आहे. ही चैन आहे आणि मी तिला नावे ठेवणार नाही. सरांच्या माडीवर जेमतेम साठ-सत्तर रेकॉर्डी होत्या. पण अडचण अशी की बोटाने गाणे पुढे सरकवता येते. आलाप पुढे, विलंबित पुढे, थेट द्रुत ताना. म्हणजे लग्नाला जाऊन थेट पंगतीत बसायचे आणि ताट उचलून निघायचे. पोट भरेल, पण वधू कोण ते कळणार नाही. तरुण मित्रमैत्रिणींना मी एवढेच सांगतो: महिनाभर एकच राग ऐका, तीन निरनिराळ्या गवयांचा. पुढे सरकवू नका. नाव, थाट, वादी-संवादी हे नंतर वाचा, आधी नको. महिनाअखेरीस चौथ्या गवयाचा तोच राग लावा. तुम्हाला वाटेल, हा आता पंचमावर थांबणार. तो थांबला तर आनंद होईल. नाही थांबला तर त्याहून जास्त होईल, कारण आता तो तुमच्याशी बोलायला लागला.

मिरजेत मीरासाहेबांच्या दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेब उरुसाला गात. १९३७ साली ते गेल्यावर त्यांच्या स्मृतीसाठी तिथे गाणे सुरू झाले आणि आजही होते. एका वर्षी माझ्या शेजारी एक शेतकरी बसले होते. रात्री दोनचा सुमार. मी मनात रागाची चिरफाड करत होतो. त्यांनी डोळे मिटले होते, मला वाटले झोपले. पण दर समेला त्यांचा अंगठा गुडघ्यावर अलगद टेकत होता, एकदाही न चुकता. मध्यंतरात मी त्यांना विचारले, "आपण गाणे शिकलात का?" ते म्हणाले, "नाही हो. दरवर्षी येतो." सरांना ही गोष्ट सांगितली तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "बघ, आपल्याला पिन उचलावी लागते."

माझे बोलणे संपत आले. पडद्यामागे दोन विद्यार्थी तंबोरे घेऊन बसले आहेत. त्यांनी दुपारी चांगला तासभर खपून ते जुळवले आहेत. आता पाच मिनिटे फक्त तंबोरे वाजतील. कुणी गाणार नाही. बाहेर चहा तयार आहे हे मला ठाऊक आहे. तोही थोडी वाट पाहील.

वर ऐका, खाली नको. गंधार ऐकू आला तर हात वर करू नका, शेजाऱ्याला सांगू नका. आणि आला नाही तरी उठू नका.